सिंहगड चढणाऱ्याला राल्लारवेगन झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही, वहिनी आणि 14 वर्षांचा मुलगा नॉर्वेला येताय. ओस्लोहून सकाळच्या ट्रेनने हाउगास्तोलला उतरायचं, तिथून राल्लारवेगन या जुन्या खडीच्या डोंगररस्त्याने साधारण 80 किमी सायकल मारून रात्रीपर्यंत फ्लोम गाठायचं. तुम्ही आणि मुलगा सिंहगड, कात्रज नेहमी करता, वहिनी फक्त सपाटीवर चालवतात. स्वतःची रोड बाइक आणावी का, एका दिवसात होईल का, आणि शाकाहारी माणसाचं खाण्याचं काय, हे तुम्हाला हवंय.

मी बर्गनला सायकल दुरुस्तीच्या कामात आहे आणि उन्हाळ्यात ओळखीच्या-बिनओळखीच्या मराठी मंडळींना या रस्त्याने घेऊन जाते. त्या अनुभवावरून सांगते. बरंचसं त्या वर्षीच्या बर्फावर आणि त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असतं, त्यामुळे पक्कं हो किंवा नाही असं उत्तर कुणी दिलं तर त्याच्यावर जरा कमीच विश्वास ठेवा.

तुम्ही विचारलाय दमाचा प्रश्न, आणि तो तुमच्या बाबतीत जवळजवळ सुटलेलाच आहे. हाउगास्तोल समुद्रसपाटीपासून 988 मीटरवर, 27 किमीवरचं फिन्से 1222 मीटरवर. म्हणजे एवढ्या लांब पट्ट्यात निव्वळ चढ अडीचशे मीटरसुद्धा नाही. फिन्सेच्या पुढे फागेरवात्न तळ्यापाशी रस्ता 1343 मीटरला जातो, तोच सगळ्यात उंच बिंदू. सिंहगडाचा माथा 1312 मीटरवर आहे, तेव्हा उंचीने घाबरायचं कारण नाही. फागेरवात्ननंतर मधले छोटे चढ सोडले तर थेट फ्योर्डपर्यंत, म्हणजे डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यापर्यंत, उतारच आहे. सिंहगड चढणारा माणूस इथे छातीत दम कोंडून थांबलाय असं मी पाहिलेलं नाही. लोक थांबतात ते तीन गोष्टींनी: गार पडलेले हात, दगडांवरचा उतार, आणि हुकलेली ट्रेन. तुमचा खरा प्रश्न तोच आहे. हा दिवस बिघडला तर तुमच्या आखणीत जागा आहे का?

आधी हा रस्ता कशासाठी झाला ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ओस्लो-बर्गन रेल्वे डोंगरावरून न्यायची होती आणि वर पोचायला रस्ताच नव्हता. रूळ, सिमेंट, सुरुंगाची दारू, माणसांचं जेवण हे सगळं वर चढवायला 1895 ते 1902 च्या दरम्यान हा रस्ता बांधला गेला. राल्लार म्हणजे ती रेल्वे बांधणारे मजूर, त्यांच्यावरूनच रस्त्याचं नाव. म्युरदालच्या पश्चिमेचा ग्राव्हाहालसेन बोगदा 5311 मीटरचा आहे, आणि तो त्यांनी कठीण खडकातून वर्षानुवर्षं खपून काढला. पूर्ण मार्ग 27 नोव्हेंबर 1909 ला राजा सातवा होकोन याच्या हस्ते सुरू झाला. रेल्वे झाल्यावर रस्त्याचं काम संपलं, 1974 पासून तो सायकलवाल्यांचा झाला. सांगायचा मुद्दा असा की हा रस्ता घोडागाड्यांसाठी आहे. दगड रचून, वर खडी टाकून केलेला. दर वसंतात बर्फ वितळताना वरची बारीक खडी वाहून जाते आणि खालचे दगड उघडे पडतात. त्यात फिन्सेला मोटारीचा रस्ता आजही जात नाही, फक्त ट्रेन. फिन्से ते हालिंगस्काइड या 21 किमीत चेन तुटली किंवा माणूस दमला तर टेम्पो बोलावून सायकल टाकायची सोय नाही. पुढे जायचं किंवा मागे फिरायचं, एवढंच.

म्हणून रोड बाइक आणू नका. 25-28 मिमीच्या टायरमध्ये शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून सिंहगड छान होतो, इथे पहिल्या तासात ट्यूबला दोन भोकं पडतील. रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटली की शेजारी-शेजारी दोन छेद पडतात, ते स्नेकबाइट. पुढे सस्पेन्शन असलेली साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, भाड्याने घ्या, हाउगास्तोललाही मिळते, फिन्सेलाही. ती फ्लोमला सोडून देता येते, परत नेण्याची जबाबदारी भाड्याने देणाऱ्याची असते. विमानात सायकल पॅक करून आणण्याचा सगळा खटाटोप वाचतो. दोन इंची टायर असेल तर तुमच्या वजनाला 35 पीएसआयच्या आसपास ठेवा, मुलाला थोडी कमी चालेल. भाड्याच्या सायकलींत बहुतेक वेळा हवा दाबून भरलेली असते. ती घेतल्या घेतल्या कमी करून घ्या, मनगटं दुवा देतील.

आता ब्रेक. सायकल ताब्यात घेताना लोक गिअर फिरवून बघतात, सीट वर-खाली करतात आणि निघतात. तुम्ही आधी ब्रेकचा दांडा दाबा. तो हँडलला टेकला तर ती सायकल नको, दुसरी मागा. मग चाकाजवळ वाकून कॅलिपरच्या, म्हणजे चाकाची डिस्क चिमटीत पकडणाऱ्या भागाच्या, फटीतून पॅड बघा. धातूच्या पट्टीवर पॅडचा थर जेमतेम मिलिमीटरभर उरला असेल तर पॅड बदलून मागा, संकोच करू नका. कारण असं: पाऊस असला की रस्त्यावरची बारीक ग्रॅनाइटची भुकटी पाण्यात कालवून डिस्कवर बसते आणि पॉलिश पेपरसारखी काम करते. कोरड्या दिवसांत कितीतरी रपेटी टिकणारे रेझिनचे पॅड अशा एका ओल्या दिवसात पट्टीपर्यंत झिजलेले माझ्या हातात येतात. आणि ते झिजतात नेमके शेवटी, म्युरदालच्या खाली, जिथे त्यांची सगळ्यात जास्त गरज असते. धातूमिश्रित सिंटर्ड पॅड असतील तर उत्तम, नसतील तर रेझिनची जाड जोडी चालेल.

म्युरदाल स्टेशन 867 मीटरवर आहे आणि तिथून काही अंतरावर रस्ता दरीत कोसळतो. म्युरदालची वळणं म्हणतात ती हीच, 21 हेअरपिन. खंबाटकी किंवा वरंध डोळ्यांसमोर आणू नका, तिथे डांबर असतं. इथे मुठीएवढे, कधी नारळाएवढे सुटे दगड असतात, मधून पाण्याने पाडलेले चर, आणि खालून पायी चढणारी माणसं. तुम्हाला चालवायचंच असेल तर सीट खाली करा, वजन मागे घ्या, वेग वळणाच्या आधीच कमी करा आणि वळणात पुढचा ब्रेक जवळजवळ सोडून द्या. पुढचा ब्रेक आवळून हँडल वळवलं की सुट्या खडीत चाक निसटतं, आडवं पडायला वेळ लागत नाही. वहिनी आणि मुलगा यांनी मात्र तो तुकडा सायकल हातात धरून उतरावा. वेळ लागतो, पण इथले लोकही सर्रास चालत उतरतात, त्यात कमीपणा काही नाही. तसाच दुसरा एक तुकडा हालिंगस्काइड आणि म्युरदालच्या मधे आहे, क्लेवाची घळ. तिथे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली ओढा, आणि वरून दगड येऊ शकतात. तिथे उतरून चाला, फोटोसाठी कड्याखाली रेंगाळू नका, दगडी कमानीच्या पुलापाशी पोचल्यावर हवे तितके काढा.

थंडीबद्दल पुण्याहून येणाऱ्यांना पटवून देणं मला सगळ्यात अवघड जातं. "ऑगस्ट म्हणजे तुमचा उन्हाळा ना?" हो, बर्गनमध्ये. फिन्सेला भर उन्हाळ्यातलं सरासरी तापमान 7-8 अंश असतं, वर पश्चिमेचा वारा. समोर दक्षिणेला हार्दांगेरयोकुलेन ही हिमनदी पसरलेली दिसते, यावरून अंदाज करा. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेआधी ध्रुवीय शोधक शॅकलटनने 1914 मध्ये सामानाची चाचणी घ्यायला हीच जागा निवडली होती. सिंहगडाइतकीच उंची, पण 60 अक्षांशाच्याही उत्तरेला आहात, झाडं कधीच खाली राहिलेली असतात आणि वारा अडवायला काही नसतं. तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणार, म्हणजे वारा बहुधा तोंडावर.

ताम्हिणीच्या पावसात चालणारं विंडचीटर इथे चालत नाही. तिथे भिजलं तरी अंग गार पडत नाही, इथे पडतं. अंगालगत लोकरीचा पातळ बनियन, मधे फ्लीस, वर शिवणींना टेप लावलेलं खरं रेनजॅकेट आणि रेनपँट. सुती टी-शर्ट आणि जीन्स हॉटेलसाठी ठेवा. सगळ्यात जास्त जपायचे ते हात. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला आहे की नाही तेच कळत नाही, दांडा बघून खात्री करावी लागते, आणि तो बघायला मान खाली घातली की पुढचा दगड दिसत नाही. लोकरीचे हातमोजे घाला आणि पावसात त्यावर भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी हातमोजे चढवा. दिसायला हास्यास्पद, पण महागड्या सायकलिंग ग्लोव्हजपेक्षा हेच टिकतं. दुसरी कोरडी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, फागेरवात्न ओलांडल्यावर, मोठा उतार सुरू होण्याआधी बदला.

बर्फ? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फागेरवात्नच्या आसपास बर्फाचे पट्टे असू शकतात, नसूही शकतात. हिवाळा कसा गेला त्यावर आहे. रस्ता साधारण जुलैच्या मध्यानंतर मोकळा होतो, सप्टेंबर संपेपर्यंत हंगाम आटोपतो. पट्टा आला तर उतरा, दोन्ही ब्रेकवर हात ठेवून सायकल ढकलत न्या, आधीच्या लोकांची पावलं पडली आहेत तिथूनच टाच रोवत चला. एक धोका लक्षात ठेवा: बर्फाखालून ओढा वाहत असेल तर कडेचा बर्फ आतून पोकळ झालेला असतो. खालून पाण्याचा आवाज येत असेल तिथून कडेने जाऊ नका. मुलगा पुढे पळेल, त्याला हे आधी बजावून ठेवा.

आता एका दिवसाचं गणित. खडीवर, फोटो-खाणं धरून, तुमच्यासारख्या मिश्र कुटुंबाचा वेग ताशी 9-10 किमीच्या वर जात नाही. सकाळची ट्रेन धरली तरी ओस्लोहून हाउगास्तोलला पोचेपर्यंत दुपार होते. सायकली घेऊन, सीट जुळवून, निघायला आणखी वेळ. ऑगस्टच्या सुरुवातीला रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा अंधाराची भीती नाही, पण म्युरदालची वळणं दिवसाच्या शेवटी, दमलेल्या हातांनी, गार हवेत येतात. धडधाकट इथले लोक एका दिवसात करतात, मी नाकारत नाही. ते सकाळी हाउगास्तोलला असतात आणि पाऊस आला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. तुम्ही पुन्हा येणार नाही.

माझा सल्ला असा. पहिल्या दिवशी दुपारी हाउगास्तोल ते फिन्से, 27 किमी, रस्त्याचा सगळ्यात सोपा भाग, वहिनींचा हात बसायला उत्तम. फिन्सेला मुक्काम. तिथे हॉटेल आहे, आणि नॉर्वेच्या पर्यटन संघटनेची मोठी झोपडी आहे. तिला झोपडी म्हणतात पण गरम पाणी, बिछाना आणि जेवण सगळं मिळतं. संध्याकाळी मजुरांचं छोटं संग्रहालय बघून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिन्से ते फ्लोम, साधारण 55 किमी. सकाळी हवा बघून निर्णय घ्या. इथल्या हवामान खात्याचं यर नावाचं ॲप आहे, त्यात फिन्सेचा तासातासाचा अंदाज आणि वाऱ्याचा वेग दोन्ही बघा. बिघडलेलं दिसलं तर फिन्सेहूनच ट्रेन धरून म्युरदालला जा. निघाल्यावर वाटलं की जमत नाही, तर 21 किमीवर हालिंगस्काइड स्टेशन आहे. स्टेशन हिमवादळांपासून आडोसा म्हणून बांधलेल्या शेडच्या आत आहे, दुकान नाही, आणि मोजक्याच गाड्या थांबतात, तेव्हा वेळापत्रकाचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा, मधे अनेक ठिकाणी नेटवर्क नसतं. त्यापुढे 15-16 किमीवर म्युरदाल.

मुक्काम न करता एकच दिवस देता येत असेल तर पहिला टप्पा सोडा, ट्रेनने सरळ फिन्सेला उतरा आणि तिथून निघा. फिन्सेच्या पुढचा भाग हाच या रस्त्याचा गाभा आहे. फागेरनुतचं लाकडी घर लागतं, तिथे पूर्वी रेल्वेचा पहारेकरी कुटुंबासह राहायचा, हंगामात तिथे वाफाळती कॉफी आणि वॉफल मिळतात. 1993 मध्ये रेल्वे 10.3 किमीच्या नव्या बोगद्यात गेली, त्यामुळे जुना मार्ग आणि त्याची पडकी बांधकामं त्या शांततेत तशीच उभी दिसतात. हे मला वैयक्तिकरीत्या खालच्या दरीपेक्षा जास्त आवडतं.

आणि एक अपेक्षा आधीच दुरुस्त करते. फोटोंत दिसतो तसा फ्योर्ड या रस्त्याच्या कडेने जात नाही. सबंध दिवस तुम्ही पठार, तळी, ओढे, बर्फ बघता. वळणं उतरलात की हिरवी दरी, काठाने धबधबे, कोर्दालला बकऱ्या आणि त्यांच्या दुधाचं चीज. मग डांबर, 1670 चं छोटं चर्च, आणि अगदी शेवटी फ्लोमच्या धक्क्यावर औरलान्सफ्योर्ड, सोग्नेफ्योर्डची एक शाखा. तिथे बहुधा क्रूझ जहाज उभं असतं आणि गर्दी असते, त्याने हिरमुसू नका. फ्योर्ड बघायचा तर तिसरा दिवस ठेवा आणि फ्लोमहून गुदवांगेनची बोट धरा. दोन तासांचा प्रवास, नेरॉयफ्योर्डमधून, जो 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. गुदवांगेनहून बसने व्हॉस, तिथून ट्रेनने बर्गन.

वहिनींसाठी आणखी एक पर्याय. त्या फिन्से ते म्युरदाल तुमच्याबरोबर येऊन म्युरदालहून फ्लोम रेल्वेने खाली जाऊ शकतात. 20 किमीत साडेआठशे मीटरहून जास्त उतरणारी ती लाइन आहे आणि शोसफोसेन धबधब्यापाशी गाडी मुद्दाम थांबते, ते सायकलवाल्यांना मिळत नाही. सायकल घेऊन त्या गाडीत जागा मर्यादित असते, म्हणून तिकीट आधी काढा.

खाण्याचं फार अवघड नाही, फक्त चवीला सपक. पाव, तपकिरी चीज, जॅम लावलेले वॉफल, सूप. मुक्कामाच्या ठिकाणी शाकाहारी जेवण हवं असं बुकिंग करतानाच लिहा, आयत्या वेळी सांगितलंत तर बटाटे आणि कोबी पानात पडेल. घरून शेंगदाण्याची चिक्की, खजूर, दाण्याची चटणी आणा. पेढे, बर्फी, पनीर असे दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर टाकून द्यावे लागतील. पाण्याची बाटली वाहत्या ओढ्यावर भरतो आम्ही, पण वर मेंढ्या चरत असतील किंवा पाणी साचलेलं असेल तर नको. अपघात झाला तर रुग्णवाहिकेचा नंबर 113.

बुकिंगचा क्रम उलटा लावा. लोक आधी विमान, मग हॉटेल, आणि शेवटी सायकल बघतात. तुम्ही आधी फिन्सेचा मुक्काम बघा, ऑगस्टमधले शनिवार-रविवार लवकर भरतात, सोमवार ते गुरुवार मिळण्याची शक्यता जास्त. मुक्कामाची तारीख पक्की झाली की भाड्याच्या सायकली, मग ट्रेनची तिकिटं. त्या तारखेच्या पुढे एक दिवस कोरा ठेवा, पाऊस लागला तर उपयोगी पडेल, नाही लागला तर बर्गनमध्ये मासळी बाजार बघा. मुलाची उंची कळवा, 14 व्या वर्षी काही मुलांना मोठ्यांची छोटी फ्रेम लागते, काहींना मुलांची मोठी. भाड्याच्या ठिकाणी ते आधी लिहून द्यावं लागतं.